पडीक रान नांगरूनही दरवर्षी जैसे थे? माझ्या तीन फसलेल्या नांगरटी

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. वर्षानुवर्षं पडून असलेलं रान. हौसेनं ट्रॅक्टर लावला, नांगर घातला, एकराप्रमाणे पैसे मोजले, फोटो काढून नातेवाइकांना धाडले. दोन-तीन पाऊस झाले. नागपंचमीला जाऊन बघितलं तर रान हिरवंगार, पण पेरलेल्यानं नव्हे, हरळीनं. मधूनमधून डोक्याएवढी ढेकळं, त्यांच्या सावलीत गाजरगवत. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा ट्रॅक्टर, पुन्हा पैसे, पुन्हा तेच.

माझ्याकडे हे सलग तीन वर्षं झालं. नोकरी सोलापूर शहरात, घर जुळे सोलापुरात आणि वडिलोपार्जित अडीच एकर दक्षिण सोलापूर तालुक्यात. चुलते गेल्यापासून चौदा वर्षं त्या रानात कुणी कुळवसुद्धा घातला नव्हता. गावच्या शेळ्या-म्हशींना ते गायरानच. सातबाऱ्यावर पिकाच्या जागी 'पड'. वरचा एकरभर मुरमाड, खालचा दीड एकर ओढ्याकडे उतरत गेलेला काळा. शेतीतलं मला काही येत नव्हतं. रविवार मोकळा असायचा, एवढीच पात्रता.

तीन वर्षं मी दोष ट्रॅक्टरला दिला, मग ड्रायव्हरला, मग नांगराला. शेजारच्या बांधावरचे अण्णा, चुलत्यांच्या बरोबरीचे, सगळं बघत होते. तिसऱ्या वर्षी न राहवून म्हणाले, "पावण्यागत येतूस रविवारचा. रान काय रविवार बघून वाफशाला येतंय व्हय?" वाफसा म्हणजे माती ना कोरडी ना चिकट, मशागतीला योग्य तेवढीच ओली असणं. खालचं सगळं या एका वाक्याचा विस्तार आहे असं समजा.

आधी टिकाव, मग ट्रॅक्टर

पहिल्या वर्षी हे केलं नाही, म्हणून आता सगळ्यांना सांगत सुटतो. ट्रॅक्टरवाल्याला फोन करण्याआधी रानात पाच-सहा ठिकाणी हातभर खोल खड्डे घ्या. बांधाजवळ एक, मध्ये दोन, जनावरांच्या वाटेवर एक, सखल भागात एक. तासाभराचं काम आहे, घाम निघतो, पण पुढचा अर्धा निर्णय तिथेच होतो.

माझ्या काळ्या भागात वरची तीन-चार बोटं नुसत्या मुळ्यांची चटई होती. तिच्याखाली वीतभर थर असा कडक, की टिकाव मारला की खणकन आवाज यायचा. त्याच्याही खाली माती पुन्हा मऊ, हाताला गार लागणारी. मधला थर हे चौदा वर्षांच्या खुरांचं काम. पावसाळ्यात ओल्या रानातून म्हशी चालतात, काळी माती दबते, उन्हात वाळून घट्ट बसते, आणि नांगर नसल्यामुळे ती पुन्हा कधी मोकळी होत नाही.

वरच्या भागात कथा वेगळी. सात-आठ इंच माती आणि खाली थेट मुरूम. अशा जागी पलटी नांगर, म्हणजे खालची माती उलथून वर आणणारा नांगर, घालायचाच नाही. मी घातला. ड्रायव्हरनं दोन-तीन गुंठ्यांतला मुरूम उलथून वर आणला आणि चांगली माती खाली गाडली. त्या पट्ट्यात आजही तरवडाशिवाय काही नीट येत नाही. हलक्या रानाला माती न उलथता वरवर मोकळी करणारा कल्टिव्हेटर किंवा कुळव पुरतो. खोली हवी ती भारी रानाला. एकाच मालकाचं, एकाच गटातलं रान असलं तरी दोन्हीकडे एकच अवजार लावायचं नसतं, हे मला मुरूम वर आल्यावर कळलं.

खड्डे घेताना मातीत पांढरे खडे दिसले तर ती चुनखडी, आपल्याकडे नवल नाही. पण वर पांढरट पापुद्रा येत असेल आणि पावसाचं पाणी दिवसदिवस साचून राहत असेल, तर रान चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेलं, असू शकतं. तो नांगराचा प्रश्नच नाही. माती तपासून घ्या, सामू (पीएच) आणि क्षार बघा, मगच पुढे जा.

मग एकदा रान पायी फिरा, गमबूट घालून आणि हातात काठी घेऊन. पडीक गवतात घोणस असते, हे गंमत म्हणून सांगत नाही. माझ्या रानात गवताखाली चुलत्यांच्या काळातल्या ठिबकच्या नळ्या पसरलेल्या होत्या; त्या फाळात गुंडाळल्या की ट्रॅक्टर थांबवून विळ्यानं कापत बसावं लागतं. वेडी बाभूळ नुसती बुडातून तोडून ठेवू नका, ती दुप्पट फुटते. खोडाची गाठ जमिनीखालून, फूटभर खोल खणून काढावी लागते. मोठी झाडं असतील तर जेसीबीच हवा. शिवाय तिचे काटे वेचल्याशिवाय कुठलाही शहाणा ट्रॅक्टरवाला रानात शिरत नाही. मागच्या टायरचं पंक्चर काढण्यात त्याचा अर्धा दिवस जातो आणि त्या दिवसाची इतर गिऱ्हाइकं हातची जातात.

बांधालगत दोन हात जागा सोडून नांगरा. चौदा वर्षांत बांध सरकलेला असतो, कुणाच्या बाजूनं ते विचारू नका. शंका असेल तर आधी सरकारी मोजणी, मग फाळ.

या फेरफटक्यात मला टिटवीचं घरटं सापडलं, म्हणजे खड्यांमध्ये उघड्यावर ठेवलेली चार अंडी. उंचावर घातली की पाऊस चांगला, खोलगटात घातली की कमी, असं आपल्याकडे म्हणतात. तिनं अगदी मधोमध घातली होती, त्यामुळे अंदाज काही बांधता आला नाही. तेवढा चौरस सोडून नांगरलं. ड्रायव्हर हसला, पण त्यानं वळसा घातला.

नांगर धरत नाही, उडतो

पहिलं वर्ष, मे महिन्यातला रविवार. पारा चाळीसच्या वर, रान तव्यासारखं. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर, दोन फाळांचा पलटी नांगर. नांगर टेकला की चार पावलं ओरखडा काढायचा आणि वर उडायचा. कुठे धरलाच तर पाटाएवढं ढेकूळ उपटून यायचं आणि शेजारी जमीन कोरीच राहायची. तासाभरात फाळाचा एक बोल्ट तुटला.

मी म्हटलं, ट्रॅक्टर कमी पडतोय. ड्रायव्हर म्हणाला, रानच खराब. खरी कारणं नंतर एकेक करून कळली.

पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे मातीत ओल नव्हती. गवतानं दिवाळीपासूनच ती पिऊन टाकलेली असते. पीक काढलेल्या रानात फेब्रुवारी-मार्चला थोडी ओल सापडते. पडीक रानात मुळांची चटई वर्षभर जिवंत असते, ती काही शिल्लक ठेवत नाही. म्हणून शेजारच्या रानात नांगर सुरळीत चालला तरी त्याच दिवशी तुमच्या रानात तो उडेल.

दुसरं कारण फाळ. पलटी नांगर मातीत शिरतो तो फाळाच्या टोकाच्या ओढीनं. टोक झिजून बोथट झालं की तो वरच्या वर घसरतो. आता मी नांगर टेकण्याआधी वाकून टोक बघतो. ड्रायव्हरला राग येतो, पण बोथट असेल तर तो स्वतःच कबूल करतो आणि नवा फाळ लावतो.

तिसरं, टॉपलिंक, म्हणजे ट्रॅक्टर आणि नांगर यांना वरून जोडणारी आट्यांची दांडी. ती लांब सोडलेली असली की नांगराची पुढची बाजू उचललेली राहते आणि टोक मातीकडे झुकत नाही. दोन-चार आटे आवळून ती आखूड केली की नांगर पुढे झुकतो आणि धरू लागतो. फार आवळली तर टोक नको इतकं खोल जाऊन इंजिन दबतं. थोडं आवळा, दहा पावलं चालवून बघा, पुन्हा ठरवा.

चौथं कारण मला सगळ्यात गंमतीचं वाटलं. ट्रॅक्टरच्या लिफ्टला, म्हणजे नांगर उचलणाऱ्या यंत्रणेला, ड्राफ्ट कंट्रोल असतो. नांगरावर ताण वाढला की लिफ्टनं तो जरासा उचलायचा, म्हणजे इंजिन बंद पडत नाही. रोजच्या रानात ही सोय उत्तम. पडीक रानात मात्र कडक पट्टा आला की ताण वाढतो आणि लिफ्ट इमानेइतबारे नांगर वर घेते; जिथे खोल जायला हवं नेमका तिथेच तो उथळ जातो. ड्रायव्हरला ड्राफ्ट कंट्रोलच्या लिव्हरची जागा बदलायला सांगा, गिअर खालचा ठेवायला सांगा, आणि पहिल्याच फेरीत नऊ इंचांचा हट्ट सोडा.

तरीही रान दाद देत नसेल, तर आधी कल्टिव्हेटरनं उभं-आडवं फाडून घ्या किंवा तव्यांचा, म्हणजे फाळाऐवजी गोल चकत्यांचा, नांगर मिळतो का बघा. तव्यांचा नांगर स्वतःच्या वजनावर शिरतो आणि मुळ्या-दगड आले की अडकून न पडता त्यांच्यावरून फिरत जातो. काम पलटीएवढं सफाईदार नसतं, पण पहिल्या वर्षी सफाईची अपेक्षा कशाला?

अण्णा सांगतात, त्यांच्या लहानपणी हरळीच्या रानाला आठ बैलांचा नांगर लागायचा आणि दिवसभरात जेमतेम काही गुंठे व्हायचे. खिलार बैलांच्या त्या चार जोड्यांचा हिशोब ते वेगळा सांगतात, तो दर वेळी वाढतो.

ढेकळं विटांसारखी

दुसऱ्या वर्षी मी शहाणा झालो होतो. कोरड्यात नांगरायचं नाही, एवढं शिकलो होतो. मृगाचा पाऊस शुक्रवारी-शनिवारी जोरदार झाला आणि रविवारी सकाळी मी ट्रॅक्टर घेऊन हजर. नांगर लोण्यात सुरी जावी तसा गेला. मी खूश. अण्णा बांधावर उभे राहून डोक्यावरचा पटका सारखा करत होते. तेव्हा काही बोलले नाहीत.

मातीची कड साबणाची वडी कापल्यासारखी चकचकीत निघत होती. ती चकाकी हीच धोक्याची खूण. काळी माती ओली असताना नांगरली की तिच्यातली हवा दाबली जाते, तासाच्या, म्हणजे नांगरानं पाडलेल्या चराच्या, तळाशी फाळ माती लिंपून टाकतो, आणि तासातून चालणारं ट्रॅक्टरचं चाक तो तळ आणखी दाबतं. मग आठ दिवस उघडीप पडली. सगळ्या लांबच लांब वड्या उन्हात भाजून विटा झाल्या. मी फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारा रोटाव्हेटर बोलावला, तो ढेकळांवरून थडथडत गेला. पाती झिजली, ढेकळं तशीच.

त्या वर्षी कळलं की 'ओल आहे' आणि 'वाफसा आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासायची रीत अशी: चार-सहा इंच खालची मूठभर माती घ्या आणि दाबून लाडू वळा. लाडू वळलाच नाही, भुगा झाला, तर रान कोरडं. वळला, हाताला चिकटला, अंगठ्यानं दाबल्यावर चमकला, तर ओलं; घरी जा. लाडू वळला पण हात स्वच्छ राहिला आणि कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर फुटून विखुरला, तर वाफसा. वरच्या वर घेतलेल्या मातीवर विश्वास ठेवू नका. वर खुसखुशीत आणि खाली चिखल, ही काळ्या रानाची नेहमीची फसवणूक.

चांगल्या पावसानंतर माझा मुरमाड भाग दुसऱ्या दिवशीच वाफशाला येतो आणि लगेच कोरडा होतो. काळा भाग चार-पाच दिवस घेतो, आणि आला की दोन-तीन दिवस टिकतो. म्हणजे एकाच दिवशी दोन्ही भाग योग्य असणं जवळपास अशक्य. तीन वर्षं मी ट्रॅक्टर एकदाच बोलावून दोन्ही उरकत होतो. त्यातला एक भाग दर वेळी चुकलेलाच असणार होता. हे लक्षात यायला इतका वेळ का लागला, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

विटा होऊन बसल्याच असतील तर त्यांच्या मागे लागू नका. पुढचा पाऊस होऊ द्या. भिजून पुन्हा सुकू लागलेलं ढेकूळ लाथेनं फुटतं; त्या दिवशी कुळव किंवा तव्यांचा हॅरो फिरवा, हातचं काम असेल तर मैंद (ढेकळं फोडायचा लाकडी ओंडका) चालवा. काळी माती भिजते तशी फुगते, सुकते तशी आकसते, आणि या फुगण्या-आकसण्यातच तिची ढेकळं आपोआप भुसभुशीत होतात. तुमचं डिझेल वाचतं.

हरळी परत येते

खरं दुखणं हे. वरची दोन आवरली तरी हे राहतं, आणि यावर मी सगळ्यात मोठी घोडचूक केली.

तिसऱ्या वर्षी आषाढी एकादशीच्या आधीचा रविवार. वारीमुळे निम्मं गाव पंढरपूरच्या वाटेवर होतं, ट्रॅक्टर मोकळा मिळाला. नांगर नको, थेट रोटाव्हेटर मारू, रान कसं रांगोळी घालण्यासारखं होईल, असा विचार केला. झालंही तसंच. संध्याकाळी बघितलं तर रान चाळलेल्या पिठासारखं. तीन आठवड्यांनी त्या पिठातून सुईसारखे हिरवे कोंब, आधी होते त्याच्या कैक पट.

हरळी बियांपेक्षा कांड्यांवर जगते. जमिनीखाली पांढरट खोडं पसरलेली असतात, त्यांना जागोजागी पेरं असतात आणि पेरं असलेला प्रत्येक तुकडा ओल मिळाली की फुटतो. रोटाव्हेटर एका खोडाचे वीस तुकडे करतो आणि ओल्या मातीत व्यवस्थित पेरून देतो. पावसाळ्यात हरळीच्या रानात रोटाव्हेटर मारणं म्हणजे हरळीची लागवड करणं. मजुरी देऊन.

तिला मारायचं तर कापायचं नाही, उपटून उन्हात टाकायचं. म्हणूनच उन्हाळी नांगरट. पलटी नांगरानं आठ-नऊ इंच खोल उलथलं की कांड्या ढेकळांसकट वर येतात आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात वाळून कोळ होतात. इथे एक गोष्ट आधीच्या भागाच्या उलट आहे, नीट वाचा: उन्हाळ्यात ढेकळं फोडायची नाहीत. मोठं ढेकूळ आतपर्यंत तापतं, त्यातली कांडी आतल्या आत वाळते. ते फोडून सपाट केलं की कांड्या पुन्हा मातीखाली सावलीत जातात. रान ओबडधोबड दिसतं, येणाराजाणारा विचारतो, मन घट्ट करा. वळीव आला की ढेकळं विरतात.

ऊन सगळं करत नाही, वेचणी करावी लागते. दाताळ्यानं ओढून, बायका लावून, दोनदा. पहिल्या वेचणीत एका एकरातून निघालेला ढीग बघून मी हबकलो. आणि तो ढीग कुठे टाकला, तर बांधावर. पहिल्या पावसानंतर बांध हिरवा झाला आणि तिथून हरळी पुन्हा रानात उतरू लागली. ढीग खडकावर किंवा रस्त्याकडेच्या मुरमावर टाका, महिनाभर वाळू द्या. शेणखताच्या खड्ड्यात तर मुळीच नको. तिथून ती खतासोबत ऐटीत परत येते.

"पेटवून द्या" हा सल्ला तुम्हाला गावात हमखास मिळेल. उभं गवत पेटवल्यानं जमिनीखालच्या कांड्यांना काही होत नाही. उलट राख पडून पहिल्या पावसाला ती जोमानं येते. आणि वारा फिरला तर शेजाऱ्याची कडब्याची गंज जाते. कडब्याचा भाव माहीत असणारा माणूस हा धोका पत्करणार नाही.

तणनाशकाचा विचार मीही केला. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर केंद्र सरकारनं २०२२ मध्ये निर्बंध घातले, हे एक. दुसरं म्हणजे ते हिरव्या, वाढत्या पानातून मुळाकडे जातं. मेमधल्या धुळीनं माखलेल्या, अर्धवट वाळलेल्या हरळीवर फवारलं तर पैसे वाऱ्यावर. मी त्या वाटेला गेलो नाही.

लव्हाळ्याचं वेगळं. त्याच्या गाठी खोल असतात आणि नांगरानं त्या रानभर पसरतात. त्याला सावली सोसत नाही, तेव्हा दाट वाढणारं पीक घ्यायचं आणि कोंब दिसले की खुरपत राहायचं. गाजरगवत फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटा. फुलानंतर नांगरलं तर हजारो बिया पुरून ठेवल्यासारखं होतं, पुढच्या नांगरटीला त्या वर येतात.

पहिलं पीक पिवळं पडतं

हे लहान दुखणं आहे, घाबरू नका. गाडलेलं गवत कुजताना मातीतला नत्र काही काळ अडकून पडतो. गवत गाडल्या गाडल्या पेरलं की कोवळं पीक पिवळं दिसतं. मध्ये वेळ द्या, किंवा पहिल्यांदा हुलगा, मटकी, ताग असलं स्वतःचा नत्र स्वतः बघणारं काहीतरी घ्या. पहिल्याच वर्षी ऊस किंवा डाळिंबाचं स्वप्न बघू नका.

ड्रायव्हरशी बोलणं

याबद्दल कुणी सांगत नाही. एकरावर ठरवलं की ट्रॅक्टर पळतो: उथळ, भरभर, कोपरे सोडून. तासावर ठरवलं की चहा होतो, तंबाखू होते, फोन होतात. पडीक रानाला मी आता तासावर ठरवतो, पण स्वतः रानात उभा राहतो आणि नांगराच्या दर चार-पाच फेऱ्यांमागे पट्टी घालून खोली मोजतो. पट्टी बघितली की चहा लवकर संपतो. उताराला आडवं नांगरायचं हे आधीच सांगा. उताराच्या दिशेनं लांब फेऱ्या मारणं ड्रायव्हरला सोपं पडतं आणि पहिल्या मोठ्या पावसात नांगराचा प्रत्येक चर ओढ्याकडे माती घेऊन जातो.

चौथ्या वर्षी काय बदललं

पहिला बदल असा की अडीच एकर एकदम करण्याचा नाद सोडला. काळ्यातला फक्त एक एकर घेतला.

आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. तेव्हा सुरुवात उन्हाळ्यात करण्याऐवजी हस्ताच्या पावसानंतर केली. ऑक्टोबरात काळं रान वाफशाला आलं तेव्हा अण्णांचा फोन आला, "येतूस का? आजच हाय बघ." वार होता बुधवार. अर्धी रजा टाकून गेलो. नांगर नाही, पाच दात्यांचा कल्टिव्हेटर, उभा आणि आडवा. मुळांची चटई फाटली, गवत मोडलं, त्यामुळे त्यानं हिवाळ्यात ओल पिऊन टाकली नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस पलटी नांगर घातला तर तो त्याच रानात नऊ इंच शिरला, तोच ट्रॅक्टर, तोच ड्रायव्हर. तो म्हणाला, रान बदललंय. मी काही बोललो नाही.

मार्च ते मे ढेकळं तशीच ठेवली, दोनदा वेचणी. मेमध्ये वळवाचा एक पाऊस झाला, ढेकळं विरघळल्यासारखी बसली. चौथ्या दिवशी कुळव. जूनच्या अखेरीस, शाळूच्या म्हणजे रब्बी ज्वारीच्या आधी, ताग पेरला. अण्णांना ते पटलं नव्हतं: "ताग पानी पितंय, शाळूला काय ठेवतंय?" त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, सप्टेंबर कोरडा गेला असता तर मी तोंडघशी पडलो असतो. पण तागानं दाट सावली धरली आणि खालची हरळी पिवळी पडून दमली. दीड महिन्यानं, फुलं दिसू लागताच तो गाडला. सप्टेंबरच्या शेवटी मालदांडी शाळू पेरला. वेळ अमावस्येला घरची सगळी रानात जेवायला आली, तेव्हा तो कमरेच्या वर होता. उत्पन्न सांगण्यासारखं नाही, पण हुरडा झाला आणि कडबा अण्णांच्या म्हशींना गेला.

ही खोल नांगरट आता त्या एकराला दरवर्षी लागणार नाही. सोलापुरात कोरडवाहू शेतीवर १९३३ पासून संशोधन चालू आहे, आणि तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट पुरते ही शिफारस कोरडवाहूत जुनीच आहे. मधल्या वर्षी कुळवाच्या पाळ्या. दरवर्षी ट्रॅक्टर लावण्याची माझी सवय म्हणजे नुसता खर्च होता.

रविवारचं गणित सोडवायला मी दोन गोष्टी केल्या. अण्णांना सांगून ठेवलं की रान वाफशाला आलं की फोन करा, वार कुठलाही असो. आणि ट्रॅक्टरवाल्याला हंगामाआधीच भेटून सांगितलं की माझा निरोप आदल्या रात्री येईल, थोडे पैसे जास्त घ्या. वर्षातून तीन-चार अर्ध्या रजा जातात. ऑफिसात विचारलं तर काम आहे म्हणतो. वाफसा म्हणजे काय हे साहेबांना समजावत बसण्यापेक्षा ते सोपं.

उरलंय ते ओढ्याकडच्या दहा गुंठ्यांत. तिथे कुंदा हे गवत आहे. हरळी उन्हात वाळते. कुंद्याची मुळं दोन-दोन फूट खाली असतात, नांगराचा फाळ त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. एकेक बेट टिकावानं खणून काढण्याला पर्याय मला अजून सापडलेला नाही. एका दिवसात सात-आठ बेटं निघतात, मग पाठ बोलते. या कामाला मात्र रविवार चालतो, कुंदा कुठे पळून जात नाही.